काळ्या पडद्यावर काळी मारबत: छायाचित्रांपासून पिनबॉलची ठिपक्यांची चित्रे कशी करावीत?

ठिपकेबहाद्दर (महाल, नागपूर) — रविवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मागच्या पावसाळ्यापासून मी घरी आभासी पिनबॉलची (फ्लिपर नावाच्या दोन हातांनी चेंडू टोलवायचा खेळ, इथे संगणकावर) पेटी बांधतो आहे, हे इथल्या काही जणांना ठाऊक आहेच. सुतारकाम संपले आहे, प्लेफिल्डसाठी, म्हणजे चेंडू फिरतो त्या पटासाठी, आडवा टीव्ही बसला आहे, आणि त्याच्या वरच्या बाजूला, जुन्या यंत्रांत असे तिथेच, ठिपक्यांचा पडदा लावला आहे. ६४ × ३२ ठिपक्यांची दोन एलईडी पॅनेल शेजारीशेजारी जोडली आहेत, म्हणजे एकूण १२८ × ३२. ती ईएसपी३२ या छोट्या नियंत्रकावर झेडडीएमडी हे पडदा चालवणारे सॉफ्टवेअर टाकून चालवली आहेत. व्हिज्युअल पिनबॉल या सॉफ्टवेअरमधली जुनी टेबले, म्हणजे जुने खेळ, त्यावर झकास दिसतात. नियंत्रक मात्र मधूनच पुन्हा सुरू होतो.

अडचण माझ्या स्वतःच्या टेबलाची आहे. विषय आपल्या नागपूरचाच आहे: मारबत. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निघणारी मिरवणूक, काळी मारबत आणि पिवळी मारबत या मोठ्या मूर्ती, मागे बडगे नावाचे पुतळे. चेंडू दोन्ही फ्लिपरांच्या मधून निसटला की पडद्यावर ‘घेऊन जा गे मारबत’ ही मिरवणुकीतली आरोळी यावी, ही कल्पना सुचली तेव्हा मी रात्रभर झोपलो नाही. इतवारीत नातेवाइकांच्या गच्चीवरून काढलेली चांगली चाळीसेक छायाचित्रे माझ्याकडे आहेत. फ्लेक्सडीएमडी या ठिपक्यांच्या पडद्यावर चित्रे-मजकूर पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चार छटांचा पर्याय निवडला आहे, कारण मला जुन्या यंत्रांचाच नारिंगी तोंडवळा हवा आहे.

आजवर केलेले उपाय सांगतो. ४००० × ३००० चे छायाचित्र सरळ १२८ × ३२ केले, तेव्हा मारबत चपटी होऊन म्हशीसारखी दिसू लागली. मग चारास एक या प्रमाणात पट्टी कापून लहान केली, तेव्हा आकार जमला पण चेहरा गेला. जिंप या चित्र-संपादकात चार ठरावीक रंगांची तक्ता-पद्धत वापरून फ्लॉइड–स्टाइनबर्ग (ठिपके मिसळून मधल्या छटा भासवण्याची पद्धत) लावले, तर ओल आलेल्या भिंतीसारखे काहीतरी उमटले. पिवळी मारबत निदान ओळखू येते. काळी मारबत तर दिसतच नाही. तिच्या जागी पडद्यावर एक भोक पडल्यासारखे वाटते. कोणी अनुभवी सदस्य वाट दाखवतील काय?

---

शून्यमैल (सीताबर्डी) — रविवार, रात्री ११:०५

आधी हिशोब मांडू, म्हणजे अपेक्षा जमिनीवर येतील. १२८ गुणिले ३२ म्हणजे ४०९६ ठिपके. चार छटा म्हणजे प्रत्येक ठिपक्याला दोन बिट, म्हणजे संपूर्ण चित्र १०२४ बाइटांचे, नेमके एक किलोबाइट. तुमच्या छायाचित्रात एक कोटी वीस लाख बिंदू आहेत. म्हणजे जवळजवळ तीन हजार बिंदूंमागे एक ठिपका उरतो. एवढी गाळणी लावल्यावर काय उरावे हे यंत्राने ठरवले, तर ते सरासरी काढते, आणि गर्दीच्या छायाचित्राची सरासरी करडीच येते.

तुमच्या क्रमात मला तीन चुका दिसतात. पहिली: चित्र लहान करताना कोणती पद्धत निवडली होती? ‘जवळचा बिंदू’ ही पद्धत घेतली तर दर तीन हजारांतला एकच बिंदू टिकतो आणि बाकीचे फेकले जातात. डोळ्याची कड टिकली तर नशीब. क्षेत्राची सरासरी घेणारी पद्धत वापरा. लॅन्झोससारख्या धारदार पद्धती मोठ्या चित्राला शोभतात. इतक्या लहान चित्रात त्या प्रत्येक कडेभोवती उजळ वलय काढतात, आणि चार छटांत त्या वलयाची जाड रेघ होते.

दुसरी: चित्र आधी कृष्णधवल करा, उजेड-अंधार ताणून घ्या, मग लहान करा, आणि छटा सर्वांत शेवटी कमी करा. छटा आधी कमी करून मग लहान केले तर मधल्या छटा पुन्हा निर्माण होतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

तिसरी चूक तुम्ही केली असेलच असे नाही, पण बहुतेक जण करतात म्हणून सांगतो: तयार चित्र जेपीजीमध्ये साठवू नका. जेपीजी आठ बाय आठच्या चौकटींत काम करते. तुमचे अख्खे चित्रच अशा सोळा बाय चार चौकटींचे आहे. एकदा साठवले की स्वच्छ चार छटांच्या जागी तीस-चाळीस अर्धवट छटा तयार होतात. स्थिर चित्राला पीएनजी, हलत्याला जीआयएफ किंवा पीएनजींची मालिका वापरा.

---

नारिंगीउजेड (अजनी) — सोमवार, सकाळी ७:४०

शून्यमैल यांचे म्हणणे बरोबर आहे. मी केवळ छटांविषयी लिहितो, कारण काळ्या मारबतीचे भोक का पडले याचे उत्तर तिथे आहे.

पिनबॉलमध्ये ठिपक्यांचा पडदा १९९१ मध्ये आला. डेटा ईस्ट कंपनीच्या ‘चेकपॉइंट’ या यंत्रात तो अर्ध्याच उंचीचा, १२८ × १६ चा होता; त्याच वर्षी विल्यम्सने १२८ × ३२ आणला आणि तोच पुढे प्रघात झाला. सेगाने १९९५ मध्ये १९२ × ६४ चा मोठा पडदाही लावून पाहिला. हे पडदे निऑन वायूचे असत. काचेच्या दोन पत्र्यांमध्ये वायू, आणि उच्च दाबाची वीज दिली की त्या छेदावर नारिंगी ठिपका पेटतो. ठिपका एक तर पेटलेला असतो किंवा विझलेला. अर्धवट पेटणे त्याला येत नाही. मग छटा कुठून आल्या? एकाच चित्राचे तीन थर इतक्या वेगाने आळीपाळीने दाखवत की डोळ्याला ते एकच वाटे. तीनांपैकी एकाच थरात पेटलेला ठिपका मंद, दोनांत पेटलेला मध्यम, तिन्हींत पेटलेला पूर्ण. म्हणून छटा चार: शून्य, एक-तृतीयांश, दोन-तृतीयांश आणि पूर्ण.

आता मर्माची गोष्ट. एक-तृतीयांश उजेड हा डोळ्याला एक-तृतीयांश दिसत नाही. आपला डोळा अंधारातल्या फरकांना फार संवेदनशील आहे. छायाचित्रातल्या ० ते २५५ या मोजपट्टीवर बसवले तर एक-तृतीयांश उजेड सुमारे १५६ वर येतो आणि दोन-तृतीयांश २१३ वर. संगणकाचे साधन मात्र ८५ आणि १७० समजून वाटणी करते. म्हणजे ज्याला साधन ‘गडद करडा’ म्हणते, तो पॅनेलवर चांगला झगझगीत नारिंगी होऊन बसतो, आणि ० ते १५६ यांच्यामध्ये दाखवायला काहीही नसते. तुमच्या काळ्या मारबतीचा चेहरा पूर्णपणे याच दरीत पडतो. तिच्या गालाचा फुगवटा, नाकाची सावली, हनुवटी, हे सारे छायाचित्रात २० ते ७० च्या दरम्यान असणार. या पडद्यावर गडद करडा नावाची वस्तूच अस्तित्वात नाही.

संगणकाच्या पडद्यावर हे उमगत नाही, कारण तिथे ३३ आणि ६७ टक्के हे आकडे सहसा रंगाच्या मूल्यांना लावलेले असतात, उजेडाला नव्हे. म्हणून तिथे मंद छटा खरोखर मंद दिसते. त्यामुळे प्रत्येक प्रयोग थेट पॅनेलवरच पाहावा. डीएमडीएक्स्ट या सॉफ्टवेअरमध्ये एकच स्थिर चित्र पॅनेलवर पाठवायची सोय आहे. टेबल सुरू करण्याची गरज नाही.

---

नवखा (वर्धा रोड) — सोमवार, दुपारी १:१०

माझा प्रश्न कदाचित बाळबोध वाटेल. पॅनेल तर रंगीत आहे. मग चार छटांचा हट्ट कशासाठी? पूर्ण रंगांत छायाचित्र दाखवले तर काळी काळी दिसेल आणि पिवळी पिवळी.

---

नारिंगीउजेड — सोमवार, दुपारी २:०५

प्रश्न रास्त आहे. परंतु रंगीत पॅनेलवरही काळा म्हणजे न पेटलेला ठिपकाच, तेव्हा काळ्या मारबतीचे भोक तसेच राहील. पिवळीला रंगाचा फायदा होईल, पण ठिपके ४०९६ च आहेत. रंगाने ओळख वाढते, तपशील वाढत नाही. शिवाय, हे माझे वैयक्तिक मत समजा, रंगीत छायाचित्र त्या पॅनेलवर दुकानाच्या पाटीसारखे दिसते. स्टर्न या पिनबॉल कंपनीने २०१६ पासून ठिपके सोडून एलसीडी घेतला, तो यासाठीच की छायाचित्र दाखवायचे तर धड दाखवावे.

---

ठिपकेबहाद्दर — सोमवार, रात्री ९:३०

सर्वांचे मनापासून आभार. नारिंगीउजेड काका, तुमची दरीची गोष्ट वाचून मी सरळ छटांचे आकडे बदलले. चार रंगांचा तक्ता ०, १५६, २१३, २५५ असा करून रूपांतर केले. पॅनेलवर पिवळी मारबत एकदम सुधारली. आधी सगळा चेहरा एकसारखा पेटत होता, आता गाल आणि कपाळ यांत फरक दिसतो. गर्दीही आवाक्यात आली.

काळी मात्र अधिकच बुडाली. आता तिचे डोळेसुद्धा जेमतेम दिसतात. आणि फ्लॉइड–स्टाइनबर्गचे ठिपके अजून सगळीकडे मुंग्यांसारखे पसरलेले आहेत. स्थिर चित्रात एकवेळ चालून जाते, परंतु तिचे रथावर डुलणे दाखवायला बारा चित्रांची मालिका केली, तर त्या मुंग्या चालायला लागल्या.

आणखी एक रडगाणे. पॅनेल विकणाऱ्याने दोन वेगळ्या खेपांतली पॅनेल पाठवली आहेत. पूर्ण उजेडात फरक कळत नाही, पण मंद छटेत डावे पॅनेल किंचित हिरवट दिसते. चेहरा मधोमध असल्यामुळे हा सांधा बरोबर मारबतीच्या नाकावरून जातो. बदलून द्यायला तो तयार नाही.

---

शून्यमैल — सोमवार, रात्री १०:५०

मुंग्यांचे कारण सोपे आहे. फ्लॉइड–स्टाइनबर्ग, म्हणजे १९७६ ची ती पद्धत, प्रत्येक बिंदूपाशी झालेली चूक शेजाऱ्यांत वाटते: उजवीकडच्याला सोळापैकी सात भाग, खालच्याला पाच, खाली डावीकडच्याला तीन, खाली उजवीकडच्याला एक. म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यात एक बिंदू बदलला तरी त्याचे पडसाद खालपर्यंत जातात. बारा चित्रांत चेहरा थोडा थोडा सरकतो, त्यामुळे प्रत्येक चित्रात ठिपक्यांची रचना नव्याने ठरते आणि डोळ्याला ती वळवळ दिसते.

बायरची पद्धत यापेक्षा शहाणी आहे. तिच्यात चार बाय चारची एक ठरलेली जाळी असते आणि कोणता ठिपका कुठल्या मर्यादेला पेटावा हे त्याच्या जागेवरून ठरते. शेजाऱ्याशी त्याला देणेघेणे नाही. हलत्या चित्रात जाळी जागच्या जागी राहते. इमेजमॅजिक या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही जाळी आणि छटांची संख्या एकाच आज्ञेत देता येते, म्हणजे बाराही चित्रे एका फटक्यात होतील.

तरीही माझा सल्ला असा की चेहऱ्याला कोणतीच जाळी लावू नका. ठिपक्यांची मिसळ करून मधली छटा भासवणे हे तंत्र डोळ्याला ठिपके वेगळे दिसत नसतील तेव्हाच चालते. तुमची पॅनेल पी २.५ असतील तर दोन ठिपक्यांत अडीच मिलिमीटरचे अंतर आहे आणि पूर्ण पडदा ३२० × ८० मिलिमीटरचा आहे. हाताच्या अंतरावरून प्रत्येक ठिपका स्वतंत्र दिसतो. तिथे मिसळीची छटा होत नाही, मिसळीची पुरळ होते. जाळी वापरायचीच तर मागच्या आकाशाला किंवा धुराला वापरा.

---

दुसूती (धरमपेठ) — मंगळवार, सकाळी ११:१५

मला पिनबॉल खेळता येत नाही, आणि या धाग्यावर मी केवळ मारबतीचे नाव वाचून आले. परंतु गेली तीस वर्षे मी दुसूतीवर फुलीच्या टाक्याने चित्रे भरते आहे, आणि तुमची अडचण वाचताना मला माझीच पहिली फसलेली उशी आठवली. आम्हीही छायाचित्र घेतो, आलेखाच्या कागदावर चौकटी पाडतो, आणि एका चौकटीला एक टाका असे मोजून भरतो. तुमचा ठिपका म्हणजे माझा टाका. तुमच्याजवळ १२८ टाके रुंद आणि ३२ टाके उंच एवढे कापड आहे, आणि दोरे तीन आहेत. कापड मात्र काळे आहे, ही तुमच्या कामातली मुख्य गोष्ट आहे, आणि मला वाटते की तुम्ही अजून ती मानलेली नाही.

पांढऱ्या कापडावर भरणारी बाई पांढरा दोरा वाया घालवत नाही. ती कापड मोकळे सोडते. बदकाचे अंग मोकळे कापड असते आणि भरलेले असते ते भोवतालचे पाणी. तुम्ही काळ्या कापडावर काळे चित्र भरायला निघालात आणि ते दिसत नाही म्हणून चेहरा उजळवत बसला आहात. चेहरा उजळवला तर ती काळी मारबत राहणार नाही. चेहरा मोकळा सोडा आणि भोवतालचे पाणी भरा.

तुमच्या छायाचित्रांत मारबतीमागे गच्च्या, माणसांची डोकी, आकाश, धूर, हे सारे असणारच. ते सर्वांत मंद दोऱ्याने सपाट भरून टाका. त्यात काही तपशील नको. मग चेहरा आपोआप काळा उमटेल. त्या काळ्यात फक्त डोळे, ओठ किंवा जीभ, आणि दागिने पूर्ण उजेडाचे ठेवा. मधला दोरा चेहऱ्याच्या कडेला, जिथे उजेड पडला असेल त्या एकाच बाजूला, एक टाका जाड.

आणि छायाचित्र लहान करून मग दुरुस्त करत बसू नका, असे मला फार आग्रहाने सांगावेसे वाटते. छायाचित्र शेजारी ठेवा आणि कोऱ्या चौकटींवर काढायला लागा. लहान केलेल्या चित्राचा प्रत्येक टाका ‘मी इथे का आहे’ याचे उत्तर देऊ शकत नाही, आणि तो तिथे आहे म्हणून काढायचा धीर आपल्यालाही होत नाही.

---

ठिपकेबहाद्दर — बुधवार, रात्री ११:४५

ताई, काल रात्री आणि आज संध्याकाळ मिळून पाच तास बसलो. जिंपमध्ये १२८ × ३२ चे काळे चित्र उघडले, बत्तीसपट मोठे करून पाहिले, एका बिंदूची जाळी चालू केली, पेन्सिल एका ठिपक्याची ठेवली आणि तीनच रंग समोर ठेवले. छायाचित्र दुसऱ्या खिडकीत.

पहिल्याच तासात कळले की ३२ ठिपक्यांच्या उंचीत संपूर्ण मारबत बसवण्याचा मोह सोडायला हवा. ती उभी-उंच मूर्ती आहे. संपूर्ण बसवली तर चेहऱ्याला सहा-सात ठिपके मिळतात. म्हणून १२८ × ९६ चे लांब चित्र केले, आणि आता पडदा तिच्या पायाशी असलेल्या गर्दीपासून सुरू होऊन वर चेहऱ्यापर्यंत सरकतो. सरकायला ६४ ठिपके आहेत. दर चित्राला एक ठिपका आणि सेकंदाला तीस चित्रे धरली तर दोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. चेंडू निसटल्यानंतरच्या उसाशाला तेवढा वेळ अगदी बरोबर आहे. आधी मी हे सरकणे अर्ध्या-अर्ध्या ठिपक्याने करायचा प्रयत्न केला होता. तेव्हा प्रत्येक कड दर दुसऱ्या चित्रात पुसट व्हायची. पूर्ण ठिपक्यानेच सरकवावे.

मागची गर्दी मंद छटेने सपाट भरली, फक्त वरच्या कडेला डोक्यांचे उंचवटे ठेवले. चेहरा मोकळा सोडला. आणि पॅनेलवर ती दिसली, काळीच्या काळी! आईला बोलावून दाखवले, तर तिने नमस्कार केला. मला यापेक्षा मोठी पावती नको.

सांध्याचा प्रश्नही यातच सुटला. चेहरा न पेटलेला असल्यामुळे हिरवट आणि नारिंगी यांची गाठ नाकावर पडतच नाही. मी चेहरा थोडा डावीकडेही घेतला आहे, म्हणजे मुळात सांधा तिच्या कानापलीकडच्या गर्दीत जातो, आणि गर्दीत कोण हिरवट आहे हे कोणी पाहत नाही.

डोळा मात्र मनासारखा नाही. ● म्हणजे पूर्ण उजेड आणि ○ म्हणजे न पेटलेला, असे धरून इथे देतो:

○○●●●●●○○
○●●●○○●●○
●●●○○○●●●
○●●○○○●●○
○○●●●●●○○

बुबुळ तीन बाय तीन आहे आणि त्यात वर डावीकडे एक चमक ठेवली आहे. डोळा डोळ्यासारखा दिसतो, पण रागीट दिसत नाही. पोळ्याच्या बैलासारखा भाबडा दिसतो.

---

नवखा — गुरुवार, सकाळी ९:००

चित्र कळले. पण ‘घेऊन जा गे मारबत’ ही अक्षरे कशी आणणार? मी एकदा फ्लेक्सडीएमडीवर मराठी मजकूर टाकून पाहिला होता, तेव्हा वेलांट्या भलतीकडेच गेल्या होत्या.

---

शून्यमैल — गुरुवार, सकाळी १०:३०

त्या जाणारच. फ्लेक्सडीएमडीतले टंक चित्रांचे असतात: प्रत्येक चिन्हाचा एक ठसा, आणि ठसे एकामागून एक ठेवत जायचे. इंग्रजीला तेवढे पुरते. देवनागरीत ‘कि’ लिहिताना साठवणीत क आधी आणि वेलांटी नंतर असते, परंतु दिसायला वेलांटी आधी यावी लागते; जोडाक्षरांचे आकार तर आणखी वेगळे. ही जुळवाजुळव करणारी यंत्रणा तिथे नाही. त्यामुळे ठरलेली वाक्ये चित्र म्हणूनच काढावीत. टेबलात अशी वाक्ये वीस-पंचवीसच्या वर नसतात.

उंचीचा हिशोब आधी करा. इंग्रजी कॅपिटल अक्षर पाच बाय सात ठिपक्यांत वाचता येते. देवनागरीत शिरोरेघेच्या वर मात्रेसाठी पाच ठिपके, रेघ एक किंवा दोन, खाली अक्षराचे अंग दहा-अकरा, आणि उकार असेल तर त्याच्या खाली आणखी चार. म्हणजे एका ओळीला वीस-बावीस ठिपके लागतात आणि पडद्यावर मराठीची एकच ओळ धड बसते. ‘घेऊन जा गे मारबत’ सुमारे शंभर ठिपके रुंद होईल, त्यामुळे न सरकवता मावेल. संगणकावरचा टंक लहान करून वापरू नका. घ आणि ध, म आणि भ यांतला फरक एका ठिपक्याच्या गाठीवर असतो, आणि ती गाठ सर्वांत आधी पुसली जाते. हाताने काढा. शिरोरेघ एकच ठिपका जाड ठेवा, उभे दंड दोन ठिपके. मजकूर चित्रावर येणार असेल तर प्रत्येक अक्षराभोवती एका ठिपक्याची न पेटलेली कड सोडा, नाहीतर अक्षरे गर्दीत विरघळतील.

गुणांचे आकडे मात्र टंकाने करता येतील, कारण १ ते ९ आणि शून्य एकमेकांना चिकटत नाहीत. दहा ठसे आणि स्वल्पविराम एवढा टंक अर्ध्या तासात होतो. स्वल्पविराम आपल्या पद्धतीने टाकण्यासाठी लहानसे फंक्शन लिहावे लागेल: शेवटचे तीन अंक सोडून पुढे दोन-दोनांचे गट. पिनबॉलचे गुण कोटीत जातात, आणि १,२५,४०,०० वगैरे भलते काही दिसू लागले तर समजा की फंक्शनने गट डावीकडून मोजले.

---

नारिंगीउजेड — गुरुवार, सायंकाळी ६:२०

बहाद्दर, एक सूचना विजेची. सपाट भरलेली गर्दी म्हणजे बहुसंख्य ठिपके सतत पेटलेले. त्यातून तुझ्या चित्राच्या शेवटी पडदा पांढरा लखलखत असेल तर विजेची मागणी एकदम उसळते. पॅनेलांना ईएसपी३२ च्या यूएसबीमधून वीज देऊ नकोस. दोन्हींना ५ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा, आणि दोन्ही पुरवठ्यांची जमीन-तार एकत्र. मागे तुझा नियंत्रक मधूनच पुन्हा सुरू होतो असे तू लिहिले होतेस, ते मला याच कारणाने वाटते. नागपूरच्या मे महिन्यात बंद लाकडी पेटीत ही शंका आणखी वाढते; मागच्या फळीला वरच्या बाजूने झरोका ठेव.

डोळ्याविषयी दुसूतीताईच सांगतील, पण मला त्या चमकेची जागा खटकते.

---

दुसूती — गुरुवार, रात्री ८:५०

मला चमक नाही, बुबुळच खटकते. ते डोळ्याच्या बरोबर मधोमध आहे आणि त्याच्या वर-खाली सारखाच पांढरा भाग दिसतो, म्हणून मूर्ती दचकल्यासारखी दिसते. बहाद्दर, तुमच्या पेटीत हा पडदा खेळाडूच्या समोर आणि प्लेफिल्डच्या वर आहे ना? मग ती कुठे पाहील? खाली, चेंडूकडे. बुबुळ एक ओळ खाली आणा आणि ते खालच्या पापणीला भिडू द्या:

○○●●●●●○○
○●●●●●●●○
●●●●○○●●●
○●●○○○●●○
○○●○○○●○○

भुवई अजून काढली नसेल, तर वरच्या ओळीपासून एक ओळ मोकळी सोडून मधल्या छटेने काढा, आणि नाकाकडचे टोक एक ठिपका खाली उतरवा. एकच. दोन उतरवलेत तर ती खलनायिका होईल.

---

ठिपकेबहाद्दर — शुक्रवार, रात्री १२:३५

बुबुळ खाली आणले, भुवई एका ठिपक्याने उतरवली. काका, वीजपुरवठाही वेगळा केला. लखलखाट करून पाहिला, नियंत्रक आता बंद पडत नाही.

‘घेऊन जा गे मारबत’ हाताने काढले, सत्त्याण्णव ठिपके रुंद झाले. ‘घे’ची गाठ तीनदा खोडावी लागली, कारण दोनदा तो ‘धे’ वाचला जात होता.

मग टेबल चालू करून मुद्दाम चेंडू सोडला. गर्दी खाली सरकली, वरून काळा चेहरा आला, आणि तो निसटलेल्या चेंडूच्या जागेकडे पाहत राहिला. शेजारचा मुलगा उजव्या फ्लिपरवर हात ठेवून उभा होता. तो म्हणाला, ‘दादा, ही माझ्याकडे बघून राहिली.’ उद्यापासून पिवळी. तिच्यासाठी पाणी मोकळे सोडून मूर्ती भरायची आहे, म्हणजे सगळे उलटे. ताई, तिच्या साडीच्या काठाला मधला दोरा घेऊ की मंद?

---

दुसूती — शुक्रवार, सकाळी ७:१०

काठ न पेटलेला ठेवा. त्याच्या आत एक ओळ पूर्ण उजेडाची.